उसाचे बिल आणि वाणिज्याचा पेपर

सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातले काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात यात्रा भरते, रथ निघतो. मराठवाड्यातली आणि पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी घराणी कुलदैवताच्या दर्शनाला येतात. देवळाच्या परिसरातली माकडे तर दूरवर माहीत आहेत. यात्रेत नारळ, गुलाल, पेढे, बांगड्या, खेळणी, रसवंती अशी दुकाने लागतात. कुणी माल उधारीवर उचललेला असतो, कुणी जागेचे भाडे आगाऊ भरलेले असते आणि उरलेल्या मालाचे काय करायचे, हा हिशोब शेवटच्या दिवशी प्रत्येकाला मांडावाच लागतो. देवाच्याच नावाचा साखर कारखाना गावाच्या शिवारात आहे. आसपास दूध संकलन केंद्रे आहेत, बचत गट आहेत, उस्मानाबादी शेळ्यांची खरेदी-विक्री आहे, भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. एवढा व्यापार डोळ्यांसमोर असलेल्या भागातला मुलगा बी.कॉम.ला किंवा बीबीएला जातो आणि 'ना नफा-ना तोटा बिंदू'ची व्याख्या गाईडमधून पाठ करतो. यात्रेतल्या नारळवाल्याचे भाडे सुटायला किती नारळ खपले पाहिजेत, हे त्याला तीन वर्षांत कुणी विचारत नाही.

उच्च शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा इमारती, नॅकची श्रेणी, नवा अभ्यासक्रम, स्मार्ट बोर्ड आणि रिक्त जागा यांभोवती फिरते. हे विषय खोटे नाहीत. पण विद्यार्थी शिकतो कसा, हा प्रश्न त्यात हरवतो. गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर जगभर बरेच ठोस काम झाले आहे आणि महाराष्ट्रातही त्याच दिशेचे प्रयोग फार आधीपासून झालेले आहेत. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले की माझ्या मते दोनच गोष्टी निर्णायक ठरतात: तासाला विद्यार्थी स्वतःच्या डोक्याने काय करतो आणि परीक्षा त्याला काय विचारते. बाकी सुधारणा या दोहोंपर्यंत पोहोचल्या तरच उपयोगाच्या.

आकडा केवढा आहे तेही पाहू. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. १८ ते २३ वयोगटातल्या शंभरांपैकी साधारण २८ जण. दारे उघडली आहेत, त्याचा आनंदच आहे. परंडा, भूम, कळंबच्या घरांतली पहिली पदवीधर मुलगी आज एसटीने महाविद्यालयात जाते. पण आत गेल्यावर काय होते? अभियांत्रिकीच्या हजारो विद्यार्थ्यांचा चीन, भारत, रशिया आणि अमेरिका या चार देशांत पाठपुरावा करून २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातल्या मुलांनी पहिल्या दोन वर्षांत विषयाचे ज्ञान मिळवले, पण चार वर्षांत चिकित्सक विचाराची क्षमता वाढलेली दिसली नाही. ज्या शाखेकडे आपण सर्वांत हुशार मुले पाठवतो, तिची ही गत. वाणिज्य आणि कला शाखेची अशी मोजणी कुणी मनावर घेऊन केली, तर चित्र याहून उजळ निघेल असे मला वाटत नाही.

आता संशोधन काय सांगते ते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मार्टन आणि सेल्यो यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला देऊन नंतर त्यांच्याशी बोलून पाहिले. काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधले होते. काहींनी पुढे प्रश्न येतील म्हणून वाक्ये लक्षात ठेवली होती. खोल आणि वरवरचे शिकणे हा फरक तिथून रूढ झाला. पुढच्या अभ्यासांनी यातली मोलाची गोष्ट दाखवली: हा विद्यार्थ्याचा कायमचा स्वभाव नसतो. परीक्षा जशी असेल तसा तोच मुलगा वागतो. ऑस्ट्रेलियातले जॉन बिग्ज यांनी १९९० च्या दशकात यावरूनच मांडणी केली, की उद्दिष्ट, वर्गातले काम आणि मूल्यमापन एकाच रेषेत असले पाहिजे. आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर 'विश्लेषणक्षमता विकसित करणे' असे उद्दिष्ट छापलेले असते आणि पेपरात 'टिपा लिहा' येते. मुले पहिले पान वाचत नाहीत. ती मागच्या पाच वर्षांचे पेपर वाचतात आणि आयएमपी प्रश्नांवर खुणा करतात. त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. व्यवस्थेला काय हवे ते त्यांनी अचूक ओळखलेले आहे.

स्मरणाबद्दलचे निष्कर्ष तर इतके पक्के आहेत की ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवेत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे आठवून पाहणे हाच अभ्यास आहे. शिवाय तो एका रात्रीत न उरकता दिवसांच्या अंतराने करावा लागतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून नोट्स आणायच्या आणि चार रंगांनी अधोरेखित करत बसायचे, ही आपली रूढ पद्धत यातल्या प्रत्येक निष्कर्षाच्या विरुद्ध जाते. ती पेपरापुरती उपयोगी पडते, म्हणूनच टिकून आहे.

वर्गात काय करावे याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी आधी शोधले. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्याख्यान मध्येच थांबवून एक नेमका प्रश्न टाकायला, मुलांना आधी एकट्याने उत्तर द्यायला, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर द्यायला सांगितले. याला ना संगणक लागतो ना प्रयोगशाळा. अशा आणि याच्यासारख्या पद्धतींवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. २०२० मध्ये थिओबॉल्ड आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. जे विद्यार्थी वंचित गटांतले होते, त्यांचे आणि इतरांचे परीक्षेतल्या गुणांचे अंतर अशा वर्गांत सुमारे एक तृतीयांशाने घटले. धाराशिवसारख्या जिल्ह्याने, ज्याचे नाव २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले, या निष्कर्षाकडे सर्वांत आधी पाहायला हवे. ज्याच्या घरी अभ्यासाला कुणी बसवत नाही, त्याच्यासाठी तासाची पन्नास मिनिटे हीच काय ती खात्रीची जागा असते.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हे पुरावे मुख्यतः विज्ञान, गणित, अभियांत्रिकीचे आहेत. वाणिज्य-व्यवस्थापनाचे संशोधन त्या मानाने विखुरलेले आणि लहान नमुन्यांचे आहे. दुसरे, मुलांना कोऱ्या पाटीने 'शोधा' म्हणून सोडून देणे म्हणजे सक्रिय शिक्षण नव्हे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये बजावले होते, की नवख्याला मार्गदर्शन न देता सोडले तर त्याची दमछाक होते आणि हाती काही लागत नाही. ताळेबंद म्हणजे काय हे नीट, उदाहरणे सोडवून शिकवावेच लागते. शिकवल्यावर लगेच करून घ्यावे लागते, एवढाच मुद्दा आहे. जाता जाता हेही सांगतो, की 'कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून शिकतो' हे प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात सांगितले जाणारे वर्गीकरण २००८ च्या पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात पुराव्याअभावी टिकले नाही. तरीही त्यावर आजही कार्यशाळा होतात. तो वेळ वाचवावा.

एक अडचण मात्र खरी आहे. हार्वर्डमध्येच २०१९ साली डेलॉरिए आणि सहकाऱ्यांना दिसले, की काम करायला लावणाऱ्या वर्गात मुले जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते; स्वतः झटताना अडखळायला होते. त्यामुळे पद्धत बदलणाऱ्या शिक्षकाला पहिल्या सत्रात 'सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात' ही तक्रार ऐकावी लागते. प्राचार्यांनी त्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

आपल्या मातीत हा विचार कधीपासूनचा आहे, ते पाहिले की अभिमान वाटतो आणि हळहळही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शाळेत मोडी, बालबोध, हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते, आणि उच्च शिक्षण प्रत्यक्ष जगण्याच्या उपयोगी नाही अशी तक्रारही नोंदवली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंत नेले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे. बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ मध्ये लावलेल्या शिक्षणसंस्थेच्या रोपट्याच्या सावलीत परंडा-भूमकडची मुले आजही शिकतात. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे करणारे जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले आणि समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे भारतीय शिक्षणाला का जमत नाही, हा प्रश्न त्यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडला. पाबळला डॉ. एस. एस. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेत न रमलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम करत शिकतात, आणि वस्तू बनवली की तिला खर्च किती आला हेही मांडतात. माझ्या दृष्टीने हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. कारण 'कमवा आणि शिका'तून लाखो मुलांना शिकण्याची संधी मिळाली, पण बहुतेक महाविद्यालयांत आज कमवणे एकीकडे आणि शिकणे दुसरीकडे राहिले आहे. ग्रंथालयात धूळ झटकून तासाचे पैसे मिळतात; त्या कामातून वाणिज्याच्या विद्यार्थ्याला साठा-नोंदीचा एक धडाही दिला जात नाही. हाताने केलेल्या कामावर बसून विचार केला, ते लिहिले, त्यावर कुणी प्रश्न विचारले, तरच अनुभवाचे ज्ञान होते.

वाणिज्य शिक्षणात महाराष्ट्र खरे तर पहिला. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चे, पुण्याचे बीएमसीसी १९४३ चे, जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. सहकारासाठी पुण्यात १९६७ मध्ये वैकुंठ मेहता संस्था आली, साखर उद्योगासाठी मांजरीला १९७५ मध्ये आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. जगात व्यवस्थापन शिकवण्याची वेगळी वाट हार्वर्डने रूढ केली. प्रत्यक्ष कंपनीसमोर उभा राहिलेला पेच लिहून द्यायचा, आणि 'तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केले असते' हे वर्गाला विचारायचे. हीच केस पद्धत १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने भारतात आणली. तिच्यावर आक्षेपही आहेत. हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी २००४ मध्ये ठामपणे लिहिले, की ज्यांनी कधी कुणाचे काम सांभाळले नाही अशा तरुणांना कागदावरच्या प्रकरणांवरून व्यवस्थापक बनवता येत नाही. मला हा आक्षेप निम्मा पटतो. केस वाचून अनुभव येत नाही हे खरे. पण ज्या मुलाच्या घरात रोज उधारी, व्याज, भाव आणि तोट्याची चर्चा चालते, त्याच्याकडे अनुभव आधीच आहे; त्याला तो मांडायची शिस्त हवी आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डमध्ये केस लिहिली गेली. परंड्याच्या दूध संकलनावर, बार्शीच्या आडत बाजारावर मराठीत लिहिलेली चार पानांची केस आमच्या वर्गांत यायला काय हरकत आहे?

व्यवसाय शिक्षणाचा महाराष्ट्रातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा प्रयोग विद्यापीठाबाहेरचा आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी 'माणदेशी' ही बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर सभासद बायकांचे अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, लिहा-वाचायला बसल्या. पुन्हा मुंबईला गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, की आम्हाला वाचता येत नसेल पण हिशोब येतो; कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला. चेतनाताईंनी ही हकीकत जाहीर व्यासपीठांवर अनेकदा सांगितली आहे. पुढे माणदेशीने ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढले, बसमध्ये वर्ग भरवून गावोगाव नेले. तिथे येणारी बाई शेळ्या पाळते, शिवणकाम करते, बाजारात बसते. तिचा स्वतःचा धंदा हेच पाठ्यपुस्तक. मालाची किंमत ठरवताना आपली मजुरी धरायची हे ती शिकते ती दुसऱ्याच दिवशी बाजारात करून पाहण्यासाठी, आणि पुढच्या आठवड्यात काय झाले ते वर्गात सांगते. आठवून पाहणे, लगेच प्रतिसाद मिळणे, दिवसांच्या अंतराने पुन्हा करणे: संशोधन ज्या गोष्टी मागते त्या सगळ्या इथे सहज जुळून आल्या आहेत.

इकडे धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुनर्बांधणीच्या कामात उतरवले. घराच्या दुरुस्तीचे तंत्र, सरकारी अनुदानाचे टप्पे, साहित्याचा हिशोब हे सगळे त्यांनी समजून घेतले आणि इतरांना समजावले. त्यांतून पुढे बचत गट आणि छोटे उद्योग उभे राहिले. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जाऊन बघून यायच्या आणि आपल्या गावात सांगायच्या. शेजाऱ्याला समजावताना स्वतःला पक्के समजते, हे माझुरच्या वर्गात जसे खरे ठरले तसे इथेही ठरले. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. तिथल्या अभ्यासात गावातले क्षेत्रकार्य हा मुख्य भाग असतो. म्हणजे जिल्ह्याला हे नवे नाही. वाणिज्याच्या वर्गाने मात्र ते अजून आपले मानलेले नाही.

ते कसे मानता येईल, याचा एक तास इथे मांडतो. विषय: परिव्यय आणि व्याज. साहित्य: घरचे उसाचे बिल. आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले, कुठल्याही एका कारखान्याचे नव्हेत. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली; उतारा ०.१ टक्क्याने घसरला की ३ रुपये ४६ पैसे कमी. समजा उतारा ९.७५ टक्के निघाला. पाच टप्पे घसरण, म्हणजे १७ रुपये ३० पैसे गेले. राहिले ३३७ रुपये ७० पैसे, टनाला ३,३७७. तोडणी-वाहतूक ८५० धरली तर हातात टनाला २,५२७. पन्नास टनांचे १,२६,३५० रुपये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यानुसार चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. साठ दिवस उशीर झाला तर व्याज किती? सुमारे ३,११५ रुपये. मुले आधी एकटी करतील, मग शेजाऱ्याशी ताडून पाहतील, कुणाचे कुठे चुकले ते फळ्यावर येईल. मग खरे प्रश्न सुरू होतात. उतारा कुणी मोजला? तोडणीचा दर कुठल्या अंतराचा धरला? साखरेचा भाव पडला तर कारखान्याने पैसे कुठून आणायचे, त्याच्या खेळत्या भांडवलाचे काय? इथे मुलगा शेतकऱ्याच्या बाजूने बोलता बोलता कारखान्याच्या लेखापालाच्या खुर्चीत जाऊन बसतो. तास संपताना पुस्तक मिटून प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पद्धतीने दुधाचे बिल सोडवायचे, फॅटप्रमाणे. यात्रेचे दुकान त्यानंतर. यातून सीमांत परिव्यय, खेळते भांडवल, व्याज आणि करारपालन हे चारही धडे होतात, आणि घरी बापाला बिल समजावून सांगणारी मुलगी तयार होते.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. ग्रामीण महाविद्यालयांत शिकवणे मराठीत, चांगली पुस्तके इंग्रजीत आणि मराठी गाईडमधली भाषा अशी, की ती वाचून इंग्रजी बरे वाटावे. अनुवादाच्या त्या जड शब्दांखाली साधी कल्पना गाडली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, ते योग्य झाले. पण भाषा बदलून भागत नाही. कल्पना मराठीत, बोलीतल्या उदाहरणाने समजावी, आणि मग तिचे इंग्रजी नाव, इंग्रजी ताळेबंद, इंग्रजी पत्र यांचा नेटाने सराव व्हावा. पुण्यातल्या मुलाखतीत धाराशिवचा मुलगा अडतो तो बहुतेक वेळा बोलता येत नाही म्हणून. विषय येत असूनही. वर्गात तीन वर्षे तोंड उघडायची वेळच आलेली नसते. हा दोष इंग्रजीचा तेवढाच व्याख्यान पद्धतीचा आहे.

मग अडते कुठे? अडते परीक्षेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून या भागाची शैक्षणिक जबाबदारी वाहते आहे, धाराशिवला त्याचा उपपरिसर आहे. पण कुठल्याही संलग्नता देणाऱ्या विद्यापीठात हजारो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या असतात, आणि अशा वेळी ज्याचे उत्तर ठरलेले असते तोच प्रश्न सोयीचा पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीत क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, श्रेयांक आहेत. कागदावर ही रचना या लेखातल्या बऱ्याच मागण्या पूर्ण करते. प्रत्यक्षात ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का असलेले प्रमाणपत्र आणि नेटवरून उतरवलेला प्रकल्प, दोन्ही स्वीकारले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही फसवणूक मुलांनी सुरू केलेली नाही. साठ-सत्तर मुलांचे प्रकल्प एका माणसाने सत्रअखेर दोन दिवसांत पाहायचे असतील, तर दुसरे काय होणार?

त्या एका माणसाबद्दलही बोलले पाहिजे. ग्रामीण महाविद्यालयांत कितीतरी शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत. वर्षाच्या मध्यात नेमणूक, सुट्ट्यांत वेतन नाही, पुढच्या वर्षी असू की नाही याची खात्री नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करून घर चालवतो. नवी पद्धत बसवायला दोन-तीन वर्षे लागतात, साहित्य जमवायला वेळ लागतो, चुकायला मोकळीक लागते. ज्याची नोकरीच सत्रापुरती आहे त्याच्याकडून हे मागणे अन्यायाचे आहे. शिक्षण सुधारण्याच्या कुठल्याही आराखड्यात हा मुद्दा पहिल्या पानावर नसेल, तर त्या आराखड्यावर माझा विश्वास नाही. बीबीए-बीसीएचे अभ्यासक्रम २०२४ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, प्रवेशासाठी सीईटी आली, आणि अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून त्यातून वाट काढली. एवढी शक्ती प्रवेशाच्या दारावर खर्च झाली. वर्गात काय होते यावर तिचा दहावा हिस्सा जरी खर्च झाला असता तरी बरे होते.

पडद्यावरच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरची व्याख्याने फुकट आहेत, काही उत्तम आहेत. पण तीही ऐकायचीच. चॅटजीपीटी आल्यावर स्वाध्यायाच्या वह्या एका रात्रीत सुंदर झाल्या. तुर्कस्तानात सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर केलेला गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे चॅटजीपीटी हाताशी असताना मुलांचा सराव ४८ टक्के सुधारला, आणि ते काढून घेतल्यावर परीक्षेत ती मुले इतरांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता इशारे देणारी आवृत्ती वापरली, तेव्हा हे नुकसान बरेचसे टळले. यंत्र कुणी आणि कुठल्या कामाला लावले यावर सगळे आहे. घरून लिहून आणायच्या निबंधाला गुण द्यायचे दिवस मात्र संपले. वर्गात, समोर बसून, तोंडी विचारून जे कळते त्यालाच आता भरवशाचे मूल्यमापन म्हणता येईल.

सगळे एकदम बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात आहेत. त्यांतले निम्मे दर पंधरवड्याला पुस्तक मिटून लिहायच्या दहा मिनिटांच्या चाचणीला आणि निम्मे स्थानिक हिशोबाच्या तोंडी परीक्षेला देता येतात. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. एका तालुक्यातल्या तीन-चार महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांनी मिळून वर्षाला दहा स्थानिक केस मराठीत लिहाव्यात: एक दूध केंद्राची, एक खवा भट्टीची, एक बचत गटाच्या कर्जफेडीची, एक यात्रेतल्या दुकानाची. नावे बदलून, आकडे खरे ठेवून. मुलांनीच माहिती जमवावी, तोच त्यांचा क्षेत्र प्रकल्प. कामावरच्या प्रशिक्षणासाठी कारखान्याचा लेखा विभाग, नागरी बँक, बाजार समिती यांच्याशी प्राचार्यांनी स्वतः बोलावे आणि दर आठवड्याला मुलाने काय पाहिले ते वर्गात मांडायला लावावे. आणि अभ्यास मंडळाने वाणिज्याच्या प्रत्येक पेपरात वीस गुणांचा एक प्रश्न असा ठेवावा, ज्याचे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही: एक न पाहिलेले बिल, एक छोटा ताळेबंद किंवा एका दुकानदाराचा पेच, आणि खाली 'तुम्ही काय कराल, आकड्यांनिशी सांगा'. हा प्रश्न सलग तीन वर्षे आला की गाईडवाले आपोआप अशी बिले छापू लागतील, शिकवण्या त्यांचा सराव घेऊ लागतील, आणि जे आज एखाद्या हौशी शिक्षकाच्या वर्गात होते ते परंड्यापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक वर्गात करावे लागेल.